शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. शहरातील बहुतेक वस्त्यांतून मागांचा खडखडाट रात्रंदिवस ऐकू येतो. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण अशा दूरच्या प्रांतांतून आलेले कारागीर येथे पिढ्यान्‌पिढ्या राबत आले आहेत. शहराच्या भोवती भातशेती करणारी आगरी व कुणबी गावे आहेत, कातकरी आणि वारली पाडे आहेत आणि अलीकडच्या काळात उभ्या राहिलेल्या गोदामांत काम करणारा नवा श्रमिक वर्गही आहे. शरीरकष्टावर जगणाऱ्या या माणसांवर शस्त्रक्रियेचा प्रसंग केव्हा ना केव्हा येतो. कोणाला हर्निया होतो, कोणाला मोतीबिंदू, कोणाचे आंत्रपुच्छ सुजते, कोणा स्त्रीची प्रसूती पोट उघडून करावी लागते. मग शहरातील इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयाची किंवा एखाद्या खाजगी रुग्णालयाची वाट धरली जाते. दुखणे अवघड असेल तर ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते.

शस्त्रक्रियेचा दिवस ठरतो, तपासण्या होतात, कागदांवर सही किंवा अंगठा उमटतो आणि रुग्ण खाटेवर येऊन पडतो. त्या रात्री त्याच्या मनात काय चालते याची नोंद रुग्णालयाच्या कोणत्याही कागदावर नसते. भूल दिल्यावर पुन्हा जाग येईल ना? मध्येच शुद्ध आली तर? कण्यात सुई टोचली तर पाय कायमचे लुळे पडतील काय? महिनाभर माग बंद राहिला तर घर कसे चालेल? शेजारच्या खाटेवरून कण्हण्याचा आवाज येत असतो. कोणीतरी ऐकीव गोष्ट सांगून भीतीत भर घालतो. ही भीती अनावर झाली की काही रुग्ण पहाटेच खाट सोडून घरी निघून जातात. काही जण ‘पेरणीनंतर पाहू’, ‘ईदनंतर पाहू’ असे म्हणत वर्षे काढतात. टाळलेला हर्निया एखाद्या दिवशी अडकतो, आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि जी शस्त्रक्रिया सवडीने व सुखरूप झाली असती ती मध्यरात्री, जिवावरच्या संकटात करावी लागते. भीतीची किंमत ही अशी मोजावी लागते.

म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वीची भीती हा केवळ रुग्णाच्या स्वभावाचा प्रश्न नसून तो उपचाराचाच एक भाग आहे, असे वैद्यकशास्त्र आज मानते. या भीतीवर एक साधे, बिनखर्चाचे साधन उपलब्ध आहे. रुग्णाला त्याच्या भाषेत नीट माहिती देणे आणि कोणीतरी जवळ बसून, शब्दांच्या आधाराने, त्याच्या शरीराला टप्प्याटप्प्याने विसावा देणे हे ते साधन होय. यालाच मार्गदर्शित शिथिलीकरण असे म्हणता येईल.

भीती शरीरात काय करते?

भीती मनात उपजते, पण ती मनातच राहत नाही. संकट समोर दिसताच शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करते, ही गोष्ट अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी विशद केली. अनुकंपी मज्जासंस्था जागी होते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलीन रक्तात मिसळते. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, श्वास उथळ व घाईचा होतो, तोंडाला कोरड पडते, तळहातांना घाम येतो, मान, खांदे आणि पोट यांचे स्नायू आवळले जातात. शेतात साप आडवा आला तर हीच तयारी माणसाचा जीव वाचविते. रुग्णालयाच्या खाटेवर मात्र पळायचेही नसते आणि लढायचेही नसते. ही सारी तयारी वाया जाते आणि शरीराला शिणविते.

याचे परिणाम प्रत्यक्ष उपचारावर होतात. झोप न झालेला, घाबरलेला रुग्ण शस्त्रक्रियागृहात येतो तेव्हा त्याचा रक्तदाब व नाडी वाढलेली असते आणि भूलतज्ज्ञाला अधिक सावध राहावे लागते. काही वेळा रक्तदाब फार चढल्यामुळे ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. शस्त्रक्रियेनंतर अशा रुग्णाला वेदना अधिक जाणवतात. वेदनेच्या भीतीने तो अंग आखडून घेतो, खोल श्वास घेण्याचे टाळतो, खोकत नाही, लवकर उठून बसत नाही. परिणामी फुप्फुसांत कफ साचण्याचा धोका वाढतो व बरे होणे लांबते.

या अवस्थेच्या उलट काम करणारी दुसरी व्यवस्थाही शरीरात आहे. ती म्हणजे परानुकंपी मज्जासंस्था. श्वास संथ झाला, विशेषतः निःश्वास लांबला आणि स्नायू सैल पडले, की तिचा अंमल सुरू होतो. हृदयाची गती उतरते व शरीर विसाव्याकडे वळते. हृदयाला ‘हळू चाल’ असा हुकूम माणूस देऊ शकत नाही. परंतु श्वास आणि स्नायू हे बऱ्याच अंशी त्याच्या ताब्यात असतात. त्यांच्या वाटेने आत शिरून हृदयापर्यंत पोहोचायचे, एवढेच शिथिलीकरणाचे रहस्य आहे.

बोस्टनमधील एक प्रयोग

अमेरिकेतील बोस्टन शहराच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे नाव भुलेच्या इतिहासात अग्रभागी आहे. 16 ऑक्टोबर 1846 रोजी विल्यम मॉर्टन यांनी याच रुग्णालयात ईथर देऊन शस्त्रक्रियेची वेदना टाळता येते हे जाहीरपणे दाखवून दिले. त्यानंतर सुमारे 118 वर्षांनी, 1964 साली, त्याच रुग्णालयातील भूलतज्ज्ञ लॉरेन्स एग्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळाच प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात औषध नवे नव्हते, यंत्रही नव्हते. होते ते फक्त बोलणे.

पोटाची शस्त्रक्रिया होणारे 97 रुग्ण त्यांनी निवडले आणि त्यांचे दोन गट केले. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी दोन्ही गटांतील रुग्णांना भेटले व भूल कशी दिली जाईल हे त्यांनी सांगितले. एका गटाला मात्र त्याहून अधिक काही सांगण्यात आले. जाग आल्यावर दुखेल, कोठे दुखेल, किती काळ दुखेल आणि तसे दुखणे स्वाभाविक आहे, हे त्यांना आधीच समजावून देण्यात आले. जखमेखालचे स्नायू आवळले गेल्याने वेदना वाढते, म्हणून ते सैल कसे सोडावेत, खोल श्वास कसा घ्यावा आणि कूस बदलताना पोटावर ताण न देता हातापायांचा आधार कसा घ्यावा, हेही शिकविण्यात आले. शस्त्रक्रियेनंतरही काही दिवस त्यांना भेटून या गोष्टींची आठवण करून देण्यात आली. कोणता रुग्ण कोणत्या गटातील आहे हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक नव्हते.

ज्यांना हे शिकविले त्यांना वेदनाशामक अफूजन्य औषध जवळजवळ निम्मे पुरले आणि डॉक्टरांनी त्यांना सरासरी 2.7 दिवस आधी घरी पाठविले. त्यापूर्वी 1963 साली याच गटाने आणखी एक गोष्ट दाखविली होती. शस्त्रक्रियेच्या आधी झोपेचे औषध दिलेले रुग्ण पेंगुळलेले दिसत, पण शांत झालेले आढळत नसत. भूलतज्ज्ञ भेटून बोलून गेलेले रुग्ण मात्र शांत असत. गुंगी आणि शांती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या अभ्यासाचा बोध होय.

पुढील काळात जगभर असे अनेक अभ्यास झाले. 2016 साली कॉक्रेन या संस्थेने पूर्ण भूल देऊन होणाऱ्या शस्त्रक्रियांविषयीच्या 105 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. माहिती देणे, शिथिलीकरण शिकविणे, भावना बोलून दाखविण्यास वाव देणे अशा मानसिक तयारीमुळे शस्त्रक्रियेनंतरची वेदना व उदासी कमी होऊ शकते आणि रुग्णालयातील मुक्काम सरासरी सुमारे अर्ध्या दिवसाने घटू शकतो, असे त्यात दिसून आले. मात्र अभ्यासांची प्रत सारखी नसल्याने हा पुरावा भक्कम मानता येत नाही, असेही त्या आढाव्यात स्पष्ट नमूद आहे. बोस्टनइतका मोठा लाभ प्रत्येक ठिकाणी होईल अशी अपेक्षा धरू नये. पण हानी जवळजवळ नाही, खर्च नाही आणि लाभाची शक्यता बरीच आहे, असा हा उपाय आहे.

परळच्या रुग्णालयातील शवासन

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. हठयोगप्रदीपिका या ग्रंथात शवासनाचे वर्णन आले असून, थकवा घालविणारे व चित्ताला विश्रांती देणारे आसन असा त्याचा गौरव केला आहे. 1918 साली श्री. योगेंद्र यांनी मुंबईत द योग इन्स्टिट्यूटची स्थापना केली आणि 1924 साली स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. योगाकडे चमत्कार म्हणून न पाहता शरीरशास्त्राच्या कसोटीवर तो घासून पाहावा, ही दृष्टी त्या कार्यामुळे रुजली.

याच दृष्टीतून मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात एक महत्त्वाचा अभ्यास झाला. प्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनी उच्च रक्तदाबाच्या 47 रुग्णांना शवासन शिकविले आणि त्याचे निष्कर्ष 1969 साली प्रसिद्ध केले. या अभ्यासात कैवल्यधामचे डॉ. विनेकर हेही सहभागी होते. रुग्णाने उताणे पडावे, हातपाय सैल सोडावेत, पोटाने संथ व तालबद्ध श्वास घ्यावा आणि नाकपुडीतून आत जाणारी हवा थंड व बाहेर येणारी हवा ऊबदार लागते तिकडे लक्ष ठेवावे, एवढीच ती क्रिया होती. रोज सुमारे अर्धा तास ती करावयाची असे. औषध न घेणाऱ्या रुग्णांचा रक्तदाब उतरला. औषधाने ज्यांचा रक्तदाब आटोक्यात होता त्यांपैकी अनेकांचे औषध बऱ्याच प्रमाणात कमी करता आले.

हा अभ्यास रक्तदाबाविषयी होता, शस्त्रक्रियेविषयी नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही त्याचे महत्त्व मोठे आहे. सार्वजनिक रुग्णालयात येणाऱ्या सामान्य रुग्णाला शिथिलीकरण शिकविता येते आणि त्याचा परिणाम रक्तदाबमापकावर मोजता येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

पाश्चात्त्य देशांतही स्वतंत्रपणे असाच विचार चालू होता. शिकागोचे डॉ. एडमंड जेकबसन यांनी 1929 साली आपली क्रमशः शिथिलीकरणाची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. स्नायू आधी मुद्दाम आवळावा व मग सोडून द्यावा, म्हणजे ताण कशाला म्हणतात आणि सैलपणा कशाला म्हणतात हे माणसाला कळते, हे तिचे सूत्र. हे सूत्र कष्टकऱ्यांना विशेष लागू पडते. बारा-बारा तास मागापाशी उभ्या राहणाऱ्या कारागिराचे खांदे आणि पिंढऱ्या इतक्या सवयीने ताठलेल्या असतात की, ‘अंग सैल सोडा’ असे नुसते सांगून त्याला काहीच उमगत नाही. मूठ आवळून सोडायला सांगितली की मात्र लगेच उमगते. भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथील गरम पाण्याच्या कुंडांत आखडलेले अंग मोकळे करण्यासाठी लोक पूर्वापार जात आले आहेत. अंग सैल झाले की मनही हलके होते, हा अनुभव त्यांना नवा नाही.

पद्धत कशी असावी?

मार्गदर्शित शिथिलीकरणासाठी खास खोली किंवा उपकरण लागत नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी भेटीची वेळ संपल्यावर, वॉर्डात थोडी सामसूम झाली की पंधरा मिनिटे पुरतात. परिचारिका, समुपदेशक किंवा शिकाऊ डॉक्टर थोड्या सरावाने हे करू शकतात. प्रथम पाच मिनिटे माहितीसाठी द्यावीत. उद्या किती वाजता नेणार, कपडे कोणते असतील, भूल कोण देणार, जाग कोठे येईल, नातेवाईक केव्हा भेटतील आणि किती तास उपाशी राहायचे, हे सांगावे. कमरेत इंजेक्शन देऊन भूल द्यावयाची असल्यास, पाय काही तास जड व बधिर वाटतील आणि मग हळूहळू पूर्ववत होतील, हे आवर्जून सांगावे. बधिर झालेले पाय पाहून ‘आपण लुळे झालो’ असे वाटून हबकणाऱ्या रुग्णाला ही एक ओळ मोठा धीर देते. मग रुग्णाला विचारावे की, सर्वांत जास्त धास्ती कशाची वाटते? उत्तर ऐकून घ्यावे, घाई करू नये.

त्यानंतर खाटेशेजारी बसून, संथ पण स्पष्ट आवाजात, साधारणपणे पुढीलप्रमाणे बोलावे :

“काका, आता दहा मिनिटे काही करायचे नाही, फक्त ऐकायचे. डोळे मिटावेसे वाटले तर मिटा. उघडे राहिले तरी चालतील. पाठ खाटेवर टेकू द्या. हात अंगापासून जरासे लांब ठेवा.

“उजव्या हाताची मूठ आवळा. आणखी थोडी. हाताला ताण कळतोय ना? आता सोडून द्या. बोटे जशी पडतील तशी पडू द्या. हात जड झाला, खाटेला टेकला. आता डावी मूठ. आवळा... आणि सोडा.

“खांदे कानांकडे उचला. थांबा. सोडा. दिवसभराचे ओझे डोक्यावरून उतरवून ठेवले, असे समजा. कपाळावरच्या आठ्या जाऊ द्या. दातांवर दात नको, जबडा सैल.

“आता पोटावर एक हात ठेवा. श्वास आत घेतला की पोट वर येते, सोडला की खाली जाते. मुद्दाम जोर लावू नका. सोडताना जरा सावकाश सोडा. नाकाला आत जाणारी हवा गार लागते, बाहेर येणारी कोमट लागते. तेवढेच पाहा. मन दुसरीकडे गेले तर जाऊ द्या. आठवले की पुन्हा श्वासाकडे या.

“आता दोन्ही पाय ताठ करा, बोटे आपल्याकडे ओढा. थांबा. सोडा. पाय खाटेवर पडून राहिले. सगळे अंग खाटेने पेलले आहे. आपण धरून ठेवण्यासारखे आता काही नाही.

“उद्या आत नेतील तेव्हाही श्वास असाच आपल्यापाशी असेल. सोडताना सावकाश सोडा, एवढे लक्षात ठेवा. आम्ही जवळ असू.”

शेवटी काही क्षण शांत राहावे व रुग्णाला हळूहळू बोटे हलवून डोळे उघडू द्यावेत. झोप लागली असेल तर उठवू नये. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी ‘श्वास सावकाश’ एवढे दोन शब्द म्हटले तरी आदल्या संध्याकाळची आठवण जागी होते. शस्त्रक्रिया काही आठवड्यांनी होणार असेल तर ही क्रिया घरी रोज करण्यास सांगावी. सरावाने तिचा परिणाम वाढतो.

आपल्या बोलीत बोलणे

भिवंडीसारख्या शहरात एक अडचण आहे. एकाच वॉर्डात मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगू बोलणारे रुग्ण शेजारी शेजारी असतात. गावाकडून आलेल्या वृद्धेला ग्रांथिक मराठीही परकीच वाटते. शिथिलीकरणाचे सारे सामर्थ्य शब्दांत आहे. शब्द समजण्यासाठी मनाला धडपडावे लागले तर विसावा कसला? म्हणून सूचना रुग्णाच्या घरच्या बोलीत असाव्यात. ज्या परिचारिकेला वा कर्मचाऱ्याला ती बोली येते तिच्याकडे हे काम द्यावे; कोणी नसेल तर तिच्याच आवाजात ध्वनिमुद्रण करून ते भ्रमणध्वनीवरून ऐकविता येते. ‘शिथिल करा’ याऐवजी ‘सैल सोडा’, ‘शरीर’ याऐवजी ‘अंग’ असे शब्द वापरावेत. उर्दू बोलणाऱ्यास ‘जिस्म को ढीला छोड़िए’ म्हटले की पुरते. ज्याला ‘शवासन’ या शब्दातील ‘शव’ नको वाटते त्याच्यापुढे तो शब्द उच्चारू नये. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री तर कोणापुढेही उच्चारू नये. ही क्रिया कोणत्याही एका धर्माची नाही. श्वास आणि स्नायू सर्वांचे सारखेच आहेत. ज्याला आपल्या देवाचे वा अल्लाचे नाव घेऊन शांती मिळते त्याने ते खुशाल घ्यावे.

आणखी एक बाब यंत्रमाग कामगारांसंबंधी आहे. वर्षानुवर्षे मागांच्या आवाजात काम केल्याने ऐकण्याची शक्ती मंदावते. अशा रुग्णाशी कुजबुजत्या स्वरात बोलणे व्यर्थ आहे. त्याच्या समोर बसून, ऐकू येते की नाही याची खात्री करून, थोड्या मोठ्या आवाजात बोलावे. गरज पडल्यास हाताला हलकासा स्पर्श करून खूण द्यावी. मात्र स्पर्शापूर्वी विचारून घ्यावे आणि स्त्री रुग्णाजवळ स्त्री कर्मचारीच असावी.

मर्यादा आणि सावधगिरी

शिथिलीकरण हे भुलेला किंवा औषधाला पर्याय नव्हे. रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या गोळ्या कोणी त्याच्या भरवशावर बंद करू नयेत. तातडीच्या शस्त्रक्रियेत त्यासाठी वेळ दवडू नये. तेथे गाडी ढकलताना सांगितलेला ‘श्वास सावकाश सोडा’ एवढा शब्दच पुरे. दिवस भरत आलेल्या गर्भवतीला उताणे न ठेवता डाव्या कुशीवर निजवावे. धाप लागणाऱ्या रुग्णाला उशांच्या आधाराने बसते करावे. ज्या अवयवाला दुखापत आहे तो आवळण्यास सांगू नये. काहींना डोळे मिटल्यावर घाबरल्यासारखे होते. त्यांना आग्रह करू नये. लहान मुलाला अशा सूचनांपेक्षा आईचे जवळ असणे, गोष्ट किंवा फुगा फुगविण्याचा खेळ अधिक उपयोगी पडतो. भीती फारच तीव्र असेल तर ते भूलतज्ज्ञाला कळवावे. औषध लागते तेथे औषधच दिले पाहिजे.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा नैतिक आहे. रुग्णाचे प्रश्न मिटविण्यासाठी त्याला शांत करणे हा या पद्धतीचा दुरुपयोग ठरेल. शस्त्रक्रियेचे स्वरूप, धोके व पर्याय समजून घेऊन संमती देणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली एका महत्त्वाच्या निकालात तो अधोरेखित केला आहे. म्हणून क्रम असा असावा : आधी माहिती, मग शंकांचे उत्तर आणि त्यानंतर विसावा. काही दुखणार नाही असे खोटे आश्वासन देऊ नये. बोस्टनच्या रुग्णांना दुखेल असेच सांगितले होते, आणि त्यांनाच औषध कमी लागले.

गाव आणि शाळा काय करू शकतील?

भीतीची सुरुवात रुग्णालयात होत नाही. ती ओट्यावर, नाक्यावर आणि मागाच्या शेडमध्ये होते. तेव्हा तिचा उपायही तेथूनच सुरू झाला पाहिजे. मोतीबिंदू किंवा कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेच्या शिबिराला गावातून रुग्ण पाठविताना, पूर्वी तीच शस्त्रक्रिया सुखरूप झालेल्या व्यक्तीची व त्यांची गाठ घालून देण्याचे काम पंचायत सदस्य आणि आशा सेविका सहज करू शकतात. अनुभवी शेजाऱ्याचे दोन शब्द पुष्कळदा छापील पत्रकापेक्षा परिणामकारक ठरतात.

खर्चाची चिंता हाही भीतीचा मोठा भाग असतो. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली व पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली जनआरोग्य योजना अनेक शस्त्रक्रियांचा भार उचलते. योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र नेमलेले असतात. कोणते कागद न्यावयाचे हे रुग्णाला गावातच समजले, तर त्याच्या मनावरील निम्मे ओझे खाटेवर पडण्यापूर्वीच उतरेल.

शिक्षकांचे कार्य अधिक दूरगामी आहे. परीक्षेपूर्वी मुलांच्या पोटात गोळा येतो तो याच मज्जासंस्थेचा खेळ असतो. शाळेत आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे ‘आवळा आणि सोडा’ व संथ श्वास यांचा सराव झाला, तर मूल ते परीक्षेसाठी तर वापरीलच, पण आजीच्या मोतीबिंदूच्या वेळी तिच्या खाटेशेजारी बसून तिलाही सांगू शकेल.

रुग्णालयांवर गर्दीचा मोठा ताण आहे आणि परिचारिकांचे हात अपुरे पडतात, हे खरेच आहे. प्रत्येक रुग्णापाशी पंधरा मिनिटे बसणे नेहमीच शक्य होणार नाही. पण दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया असलेल्या पाच-सहा रुग्णांना एकत्र बसवून हीच क्रिया करता येते. अशा वेळी आपल्यासारखेच आणखी चौघे आहेत, या जाणिवेनेही रुग्णाला धीर येतो. ती पंधरा मिनिटे नंतरच्या वेदना, तक्रारी आणि लांबलेला मुक्काम यांतून परत मिळण्याचा संभव आहे.

शस्त्रक्रियागृहात गेलेल्या माणसाच्या हाती स्वतःचे असे फारसे काही उरत नाही. कपडे, दागिने, चप्पल, सारे बाहेर राहते आणि काही वेळाने शुद्धही जाते. तोवर त्याच्यापाशी त्याचा श्वास असतो. तो सावकाश सोडण्यास त्याला आदल्या संध्याकाळी कोणी शिकविले असेल, तर तो आत एकटा जात नाही.